कासवाचं घरटं राखायचं, तशी पुळणही राखायची

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या कोकणच्या पुळणींवर अंडी घालायला चढतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी आणि खाली गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग ही त्यातली माहितीतली नावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ मध्ये काम सुरू केलं. त्याआधी सापडलेली अंडी बहुधा कोणाच्या तरी घरी जायची. आज बऱ्याच गावांत कासवमित्र आहेत, हॅचरी (हलवलेली अंडी पुरून राखायची कुंपणातली जागा) आहे, पिल्लं सोडायचा सोहळाही होतो.

नव्याने काम सुरू करणाऱ्या गावाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. हॅचरी एका घरट्यातली शंभर-सव्वाशे अंडी वाचवते. त्यातली मादी मोठी व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात. ती परत येईल तेव्हा तिला चढायला वाळू हवी, रात्री अंधार हवा आणि वाटेतल्या जाळ्यांतून ती सुटलेली हवी. म्हणून खाली घरट्याचं आणि पुळणीचं अशी दोन्ही कामं दिली आहेत. पहिलं शिकायला एक हंगाम पुरतो, दुसऱ्याला गाव लागतं.

कामाआधी परवानगी

सागरी कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्याला हात लावायचा, घरटं हलवायचं किंवा पिल्लू टोपलीत ठेवायचं, तर वनविभागाची लेखी परवानगी लागतेच. ऑक्टोबर संपण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. कोण काम करणार त्यांची नावं, पुळणीची लांबी आणि हॅचरीची जागा त्यात लिहा. परवानगी नसेल तर घरटं दिसल्यावर फक्त पहारा करा आणि १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला कळवा.

पहाटेचा माग

फेरी पहाटे साडेचार-पाचला सुरू करा. उजाडल्यावर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांखाली माग पुसतो, आणि कोल्ह्याने घरटं तुमच्याआधी गाठलेलं असतं. विजेरीवर लाल कागद लावा. पाण्याच्या कडेने न चालता आदल्या भरतीच्या ओल्या रेषेवरून चाला, म्हणजे माग आडवा येतोच.

रिडलेचा माग सुमारे ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतो. ती डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे स्वल्पविरामासारखे ठसे समोरासमोर येत नाहीत, मागे-पुढे पडतात. ठसे जोडीने समोरासमोर असतील, माग मीटरभर रुंद असेल आणि शेवटी मोठा खड्डा असेल, तर ते हिरवं कासव. त्याचं घरटं जास्त खोल असतं, त्याला रिडलेचे आकडे लावू नका.

मागावरून अंडी कधी घातली याचाही अंदाज येतो, आणि पुढचं सगळं त्या वेळेवर अवलंबून आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता येतानाचा आणि जातानाचा असे दोन्ही माग बघा. दोन्ही भरतीच्या ओल्या रेषेवर एकदम तुटलेले असतील, तर मादी भरतीच्या आधी येऊन गेली. जातानाचा माग ओल्या वाळूवर आणखी खाली उतरलेला असेल, तर ती ओहोटीत आली. चतुर्थीच्या पहाटे सहाला असा खाली उतरलेला माग दिसला, तर अंड्यांना तीन तासांहून कमी वेळ झालेला आहे. अमावास्येच्या पहाटे तुटलेला माग दिसला, तर सहा तास उलटून गेले असं समजा.

सहा तासांना एवढं महत्त्व का? अंडं बाहेर पडल्यावर काही तासांत आतला जीव कवचाच्या वरच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. मग अंडं फिरलं तर पापुद्रा सुटतो आणि जीव तिथेच मरतो. बाहेरून अंडं तसंच पांढरं दिसतं, म्हणून चूक दोन महिन्यांनी कळते. हॅचरीतून पिल्लं कमी निघण्याचं आम्हाला सर्वांत जास्त दिसणारं कारण हेच आहे.

घरटं शोधणं, आणि हलवायचं की नाही

माग जिथे वळतो तिथे दोन-तीन फुटांचा वाळू उडवलेला भाग असतो. अंडी त्याच्या मधोमध असतातच असं नाही. काठी खुपसून शोधायची जुनी सवय सोडा. एक अंडं फुटलं की त्यावर मुंग्या येतात, बुरशी येते आणि शेजारची दहा-बारा जातात. गुडघ्यावर बसा, तळहात सपाट ठेवून हलकेच दाबत पुढे सरका. मादीने जाताना पोट आपटून वाळू घट्ट केलेली असली तरी अंड्यांच्या नळीवरची वाळू एकदा खणलेली असते. तिथे हात किंचित आत जातो. मग बोटांनी सरळ खाली उकरा. फूट-सव्वा फुटावर वाळू गार, ओली लागते आणि पहिलं अंडं बोटाला लागतं: टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, मऊ, दाबलं तर किंचित खळगा पडणारं. लागलं की थांबा.

आता निर्णय घ्या. घरटं भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेच्या, म्हणजे मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) जिथून लागते तिच्या, वर असेल, तिथून गाड्यांची वाट जात नसेल आणि रात्री पहाऱ्याला माणूस असेल, तर ते तिथेच ठेवा. जागच्या जागी राहिलेल्या घरट्याला त्याच पुळणीचं तापमान आणि ओल मिळते, आणि अंड्याला हात लागत नाही. हलवणं हा शेवटचा उपाय आहे. हॅचरी रिकामी दिसते म्हणून घरटी भरू नका. हा मोह प्रत्येक गावाला होतो, कारण पर्यटकांना हॅचरीच दाखवायची असते.

जागेवर ठेवलेल्या घरट्यावर मीटरभर लांब-रुंद, साधारण १० सेंटिमीटर भोकांची बांबूची किंवा प्लॅस्टिकची जाळी वाळूखाली चार बोटं आडवी पुरा आणि चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोका. पिल्लाचं कवच जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर लांब असतं, ते सहज वर येतं. कुत्र्याला मात्र खाली उकरता येत नाही. भोकं याहून लहान ठेवलीत तर पिल्लं अडकतील.

हलवायचंच असेल तर

हात साध्या पाण्याने धुवा, अंगाला डासांचं मलम नको. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू चार बोटं पसरा. अंडी एक-एक, फार तर दोन-दोन करत मोजत उचला आणि जशी होती तशीच ठेवा. सहा तास उलटले असतील तर उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने ठिपका करा आणि नव्या खड्ड्यात ठिपका वरच राहील असं बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सापडलेलं घरटं हलवूच नका. समुद्र ते घेऊन जाणार हे अगदी निश्चित असेल, तरच त्याला हात लावा.

उकरण्याआधी वरच्या अंड्यापर्यंतची खोली मोजा, आणि अंडी काढल्यावर तळाची खोली आणि पोटाची रुंदी मोजा. नवा खड्डा त्याच मापाचा हवा. बहुतेक वेळा खोली ४५ सेंटिमीटरच्या आसपास, तोंड वीतभर आणि खाली सुरईसारखं पोट असं माप येतं. सरळ नळकांड्यासारखा खड्डा केला तर अंडी एकावर एक रचली जातात, आणि खालच्यांना हवा कमी मिळते.

बादली चालत न्या. दुचाकीवर हादरे बसतात. अंडी ठेवल्यावर आधी ओली वाळू, वर कोरडी वाळू घाला आणि तळहाताने दाबा. पायाने तुडवू नका. शेजारी पाटी लावा: क्रमांक, तारीख, सापडल्याची आणि पुरल्याची वेळ, अंड्यांची संख्या, मूळ जागा. बलक नसलेली छोटी अंडी असतात, ती वेगळी मोजा. नाहीतर शेवटी टक्केवारी चुकते.

हॅचरी

जागा सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेच्या वर, पण पुळणीवरच. गावाच्या अंगणात नको आणि सुरूच्या झाडांच्या सावलीत नको. गेल्या वर्षीची जागा यंदा वापरू नका. जुन्या कवचांमुळे वाळूत बुरशी आणि किडे राहतात. दुसरी जागाच नसेल तर दोन फूट खोल वाळू काढून नवी भरा.

पंचवीस घरट्यांसाठी ६ मीटर बाय ६ मीटर जागा लागते. घरट्यात आणि घरट्यात एक मीटर आणि कडेला एक मीटर मोकळं, असा हिशोब. गर्दी केली तर कुजणाऱ्या एका घरट्याची उष्णता आणि बुरशी शेजाऱ्याला लागते. वाळू दोन-अडीच फूट खणून मुळं, दगड, शिंपले चाळून काढा. कुंपण कमरेहून उंच. त्याची खालची जाळी दीड फूट जमिनीत जाऊ द्या आणि तिची भोकं सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवा. कुर्ल्या वरून येत नाहीत, बीळ करून खालून येतात. सकाळी हॅचरीत बिळाचं तोंड दिसलं तर ते नुसतं बुजवू नका, कुर्ली पकडून लांब सोडा.

तापमापी ३० सेंटिमीटर खोल पुरा आणि रोज एकाच वेळी नोंद घ्या. अंडी उबण्याच्या काळातल्या मधल्या तिसऱ्या भागात पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून तापलं की माद्या वाढत जातात, आणि ३४-३५ च्या वर सतत राहिलं तर पिल्लं अंड्यातच मरतात. मार्चमध्ये वाळू ३३ कडे सरकली की सहा फुटांवर ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा, पण अर्ध्याच हॅचरीवर. पाणी शिंपण्याची घाई नको. वरून गार आणि आत गरम असा फरक पडतो, आणि जास्त ओलीने बुरशी धरते.

डिसेंबर-जानेवारीच्या घरट्याला ५५ ते ६० दिवस लागतात, मार्चमधल्याला ४५ ते ५०. चाळिसाव्या दिवसापासून प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली उपडी ठेवा. पिल्लं बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी वाळूवर बशीएवढा खळगा पडतो, कारण खाली कवचं फुटून जागा मोकळी झालेली असते. त्या रात्री कोणीतरी तिथे असायलाच हवं. सकाळपर्यंत टोपलीत अडकलेली पिल्लं धडपडून थकतात, आणि ऊन चढलं की तासाभरात मरतात.

पिल्लं सोडताना

सोडायची वेळ रात्र किंवा भल्या पहाटेची. पाण्यापासून दहा-पंधरा मीटरवर ओलसर वाळूत ठेवा आणि चालू द्या. पिल्लाला थेट लाटेत ठेवणं ही दया नव्हे. बाहेर आल्यावर पहिल्या दिवसापुरता पिल्लाच्या अंगात जोर असतो. तो किनाऱ्यापासून दूर पोहून जाण्यासाठी असतो. टबात पाणी घालून पिल्लं ‘सायंकाळच्या कार्यक्रमापर्यंत’ ठेवली की तो जोर टबातच संपतो. दिवसा निघालीच तर गार, अंधाऱ्या जागी ओल्या फडक्याखाली कोरड्या टोपलीत ठेवा आणि सूर्य मावळताच सोडा. सोडण्याची जागा रोज बदला. एकाच जागी सोडलं तर घारी, कावळे आणि उथळ पाण्यातले मासे वाट बघायला शिकतात.

पर्यटक दोरीच्या मागे, समुद्राच्या बाजूला कोणी नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात नाही. पाहुण्यांना राग आला तरी चालेल.

पहिलं पिल्लू निघाल्यापासून तीन दिवसांनी घरटं उकरा. मोकळी कवचं मोजा (अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक), न फुटलेली अंडी उघडून बघा. आत काहीच वाढ नसेल तर अंडं फळलंच नव्हतं किंवा हलवताना गेलं. एकट्या एका घरट्यात असं झालं तर पहिलं, सगळ्याच हलवलेल्या घरट्यांत झालं तर दुसरं, आणि मग दोष तुमच्या हाताचा. पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यातच मेलेली असतील तर उष्णता किंवा शेवटच्या दिवसांत आत शिरलेलं पाणी. तापमानाची वही काढून तारखा जुळवा. खालचा थर खराब आणि वरचा ठीक असेल तर खड्डा फार खोल गेला होता.

पुळण: गावाचं काम

याच नोंदींवर पुढचं काम उभं राहतं. प्रत्येक घरट्याची मूळ जागा मोबाइलवरच्या जीपीएसने नोंदवा. तीन-चार वर्षांत दिसतं की तीन किलोमीटरच्या पुळणीत माद्या ठरावीक पाचशे-सातशे मीटरच्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा येतात. तो पट्टा नकाशावर आणा, ग्रामसभेत ठराव करा आणि प्रत वनविभागाला व जिल्हा प्रशासनाला द्या. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा सीआरझेड-१ अ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या वर्गात येतात. उद्या तिथे बंधारा, रस्ता किंवा रिसॉर्ट आला, तर वर्षवार नोंदींची वही हाच तुमचा पुरावा. नोंदी नसलेल्या गावाची पुळण कागदावर रिकामी असते.

उजेड मोजायची रीत सोपी आहे. अमावास्येच्या रात्री त्या पट्ट्यात उकिडवे बसा, डोळे जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा आणि जमिनीच्या बाजूला बघा. जो दिवा थेट दिसतो तो पिल्लाला समुद्राऐवजी तिकडे ओढणार. दर पन्नास पावलांवर असं बसून दिव्यांची यादी करा. मग एकेका दिव्याचा मालक गाठा: ग्रामपंचायतीच्या दिव्याला समुद्राच्या बाजूने पत्र्याची झडप, हॉटेलच्या अंगणातला पांढरा एलईडी बदलून अंबर रंगाचा आणि तोही गुडघ्याएवढ्या उंचीवर, घराच्या पडवीला पडदा. नोव्हेंबर ते मे एवढ्यापुरतं मागितलं तर लोक ऐकतात. वर्षभरासाठी मागितलं तर वाद होतो.

सुरूबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण चांगल्या मनाने लावलेली ही झाडं कासवाच्या मुळावर येतात. सुरूची ओळ पुळणीच्या पुढच्या उतारावर आली की मुळांची जाळी वाळूत पसरते, सुयांचा थर पडतो, सावलीने वाळू गार राहते आणि मादीला खणायला जागा उरत नाही. वाळूच्या पहिल्या टेकडीच्या पुढे नवं सुरू लावू देऊ नका. तिथे मर्यादवेल आपोआप येते, तिला उपटू नका. ती वाळू धरून ठेवते आणि मादीची वाटही अडवत नाही.

धूप थांबवायला दगडी बंधारा मागणारा गावकरी चूक नसतो, त्याचं घर जात असतं. पण बंधाऱ्यासमोरची वाळू लाट आपटून आणखी ओढली जाते, आणि मादी दगडाला धडकून अंडी न घालता परत जाते. बंधारा टळत नसेल तर अंड्यांचा पट्टा वगळून बांधायला सांगा. आणि खाडीच्या तोंडाशी वाळूउपसा चालू असेल तर तो आधी बंद पाडा, कारण पुळणीला वाळू तिथूनच मिळते.

कुत्र्यांचा प्रश्न मासळीच्या कचऱ्याशी बांधलेला आहे. जाळी झटकून उरलेली मासळी पुळणीवर टाकली की कुत्री तिथेच राहतात, आणि कोल्हेही येतात. कचरा खड्ड्यात पुरण्याची जागा ठरवा, निर्बीजीकरणासाठी पंचायत समितीकडे पाठपुरावा करा. पुळणीवर गाडी नको. चाकाच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू बाहेर न येता चाकोरीभरच चालत राहतं.

समुद्र

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, आणि कासवं किनाऱ्याजवळ येतात नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे बंदीचा त्यांना फारसा उपयोग नाही. अंड्यांच्या पट्ट्यासमोर त्या महिन्यांत ट्रॉलर आणि जाळी लांब ठेवण्याचं मच्छीमार सोसायटीशी बोलूनच ठरवावं लागतं. ट्रॉलला टेड बसवता येतं. ती गजांची तिरपी चौकट असते. कासव तिला आपटून वरच्या फटीतून बाहेर जातं आणि कोळंबी गजांमधून मागे जाते. जाळ्यात सापडलेलं कासव सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे आणि कासव सोडतानाचे फोटो लागतात. हे प्रत्येक होडीवर माहीत असायला हवं.

जाळ्यात निपचित पडलेलं कासव मेलेलंच असेल असं नाही, ते पाण्याखाली गुदमरलेलं असतं. लगेच समुद्रात टाकलं तर बुडतं. पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ओलं फडकं टाका आणि किमान चार तास, लागले तर चोवीस तास थांबा. उलटं करू नका, छाती दाबू नका. हालचाल दिसली की यंत्र बंद ठेवून होडीच्या मागच्या बाजूने सोडा. किनाऱ्यावर पर (पोहायचा वल्ह्यासारखा पाय) तुटलेलं किंवा दोर रुतलेलं कासव सापडलं तर ते पाण्यात परत ढकलू नका, १९२६ ला कळवा.

आपली पुळण कुठवर जोडलेली आहे हे आता दिसू लागलं आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले, त्यांची सुरुवात वेळासच्या ‘प्रथमा’पासून झाली. आणि ओडिशात २०२१ मध्ये पराला टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणून प्रत्येक मादीच्या पुढच्या परांवर धातूची पट्टी आहे का ते बघा. ती अंडी घालून वळली की, आधी नाही. क्रमांक वाचा, फोटो घ्या, पट्टी काढू नका, वनविभागाला कळवा.

मे महिन्यात

शेवटचं घरटं उकरलं की कुंपण काढा, जाळ्या आणि खुंट्या एकूण एक मोजून परत आणा. पावसात वाहून गेलेली जाळी म्हणजे समुद्रात सोडलेला सापळाच. कवचं आणि न फुटलेली अंडी पुळणीपासून लांब खोल पुरा. तापमापी सुकवून ठेवा, वहीच्या दोन प्रती काढा, एक वनविभागाला, एक ग्रामपंचायतीत. आणि पाऊस लागण्याआधी पुढच्या हॅचरीची जागा पाहून ठेवा. ऑगस्टनंतर पुन्हा बघाल तेव्हा पुळणीचा उतार बदललेला असेल, ती जागा अजून उधाणाच्या वर आहे का ते तेव्हा तपासा.